रविवारी साउथहॅम्प्टनला कसं पोहोचावं

इंग्लंडहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? लोकांना राजवाडा हवा असतो. राजवाडा मी बाहेरून पाहिला. फाटकापाशी शेकडो माणसं फोन उंच धरून उभी होती आणि आत कुणी आहे की नाही हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पहारेकरी उभे होते. आमच्या डेपोतल्या रखवालदारापेक्षा त्यांचा गणवेश बरा होता आणि काम तेवढंच होतं. राजवाड्याबद्दल मला यापेक्षा जास्त सांगता येणार नाही.

पण मँचेस्टरहून साउथहॅम्प्टनला कसं जावं, असं कुणी विचारलं तर मी तासभर बोलू शकतो. अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

माझी नोकरी सरकारी बसच्या डेपोत झाली. एकतीस वर्षं. त्यातली शेवटची अकरा मी वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे केबिनमध्ये बसून गाड्या सोडणारा आणि न सुटलेल्या गाड्यांबद्दल शिव्या खाणारा माणूस. त्यामुळे परदेशात लोक चर्च बघतात तेव्हा मी टाइमटेबल बघतो. माझा थोरला भाऊ, दादा, डॉक्टर होऊन तरुणपणीच मँचेस्टरला गेला आणि तिथल्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाला. मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. "बापू, तुझ्या डेपोची एक तरी गाडी कधी वेळेवर सुटली का रे?" हा त्याचा चाळीस वर्षं जुना विनोद. इंग्लंडमध्ये सगळं घड्याळावर चालतं, हे त्याचं तितकंच जुनं वाक्य. पहिल्याचं उत्तर मी कधी दिलं नाही. दुसऱ्याचं मला एका रविवारी मिळालं.

शनिवार, मँचेस्टर

दादा-वहिनींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ते जहाजातून नॉर्वेला निघाले होते. जहाज रविवारी साउथहॅम्प्टनहून सुटणार होतं. आदल्या रात्री तिथल्या एका डॉक्टर मित्राकडे मुक्काम. तो मित्र मँचेस्टरला कामाला आला होता आणि परत जाताना आपल्या गाडीतून दोघांना नेणार होता.

दादानं या सफरीसाठी काळा कोट आणि गळ्याला बांधायचा बो घेतला होता. जहाजावर एका संध्याकाळी कप्तानाबरोबर जेवण असतं आणि त्याला असा पोशाख लागतो म्हणे. कप्तानानं जेवायच्या वेळी जहाज कुणाकडे सोपवलेलं असतं, असं मी विचारलं. दादाला ते आवडलं नाही.

आमच्या घरात एक पद्धत आहे. प्रवासाला निघणाऱ्यानं आपले कागद स्वतः उचलायचे नाहीत. आदल्या रात्री ते देवापुढे ठेवायचे. निघताना मागे राहणाऱ्यानं जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं आणि मग कागद द्यायचे. आई हे करायची तेव्हा कागद म्हणजे मिरजेपर्यंतचं तिकीट असे. वहिनींनी ही पद्धत मँचेस्टरला नेली आणि तिथं टिकवली. त्यांचे देव स्वयंपाकघरात बॉयलरच्या कपाटात असतात. तिथं ऊब असते, आणि दिवा विजेचा, कारण खरा लावला की धुराचा भोंगा वाजतो.

या वेळी मागे राहणारे दोघं, मी आणि दादाची नात तारा. तारा तिथंच जन्मलेली, बावीस वर्षांची, फार्मसी शिकते. तिचे आईवडील स्पेनला सुट्टीवर गेलेले आणि त्यांची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये. वडीलधारा म्हणून मान माझ्याकडे आला. मी देवबिव मानत नाही, पण दही घालायला काही मानावं लागत नाही.

दोघांच्या हातावर दही घातलं. नमस्कार झाले. तेवढ्यात दादानं बॅगेत जागा नाही म्हणून तो बो गळ्यालाच अडकवला. मी म्हटलं, "दादा, तू तिथं जेवणार आहेस की वाढणार?" वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी भिंत धरली. दादाही हसला. बाहेर मित्र गाडी सुरू ठेवून उभा होता. सगळे हसत हसत बाहेर गेले, हात हलले, गाडी गेली.

मी दह्याची वाटी हातात घेऊन दारात उभा होतो.

रविवार, सकाळी सातला दहा कमी

फोन दादाचा. नेहमी तो आधी हवामान सांगतो. त्या दिवशी नाही सांगितलं.

"बापू, देवाचं कपाट उघड."

उघडलं. गणपतीच्या पायाशी दोन ब्रिटिश पासपोर्ट, वर हळदीकुंकू, चार अक्षता.

"आहेत," मी म्हणालो.

"अडीचला आत घेणं बंद होतं, आणि मित्र गाडी घेऊन पहाटेच ड्यूटीवर गेलाय," दादा म्हणाला. मग हळू आवाजात, "तिला अजून सांगितलं नाही."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पन्नास वर्षांच्या संसारात वहिनी इंग्लंडबाहेर गेल्या त्या फक्त सांगलीला, कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाच्या दिवसांना. बाकी सुट्ट्यांत दादा ड्यूटीवर. तीन वर्षांपूर्वी हीच सफर ठरली होती, तेव्हा वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. या वेळी त्या महिनाभर नॉर्वेचा नकाशा भाजीच्या यादीशेजारी फ्रिजला लावून होत्या. आणि मी एका बोवर विनोद केला होता.

ताराला उठवलं. तिनं लॅपटॉप उघडला आणि पर्याय वाचायला सुरुवात केली. मी समोर वही घेऊन बसलो, जुनी सवय.

"कोच आहे, लाँग-डिस्टन्स बस. पण तो चेंज करायला लागते, आणि पोहोचते साडेचारला."

"पुढे."

"फ्लाइट आज नाहीये."

"टॅक्सी?"

तिनं चार ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला रविवारी फक्त विमानतळ. दुसऱ्याकडे दुपारनंतर. तिसऱ्यानं उचलला नाही. चौथा हो म्हणाला, आम्ही बूट घालेपर्यंत त्याचाच निरोप आला, सॉरी.

"तू चालवतेस ना गाडी?"

"आजोबा, मी टेस्ट तीन वेळा फेल झाले. आणि गाडी एअरपोर्टला आहे. आणि चावी स्पेनला."

राहिली रेल्वे. "डायरेक्ट ट्रेन आहे," तारा म्हणाली. "आठ सत्तावीसचा. एक वाजता साउथहॅम्प्टन. इझी."

मी दादाला फोन करून वेळ सांगितली. नियंत्रकानं कधी करू नये ती चूक मी केली. गाडी फलाटाला लागायच्या आधी वेळ जाहीर केली.

पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवले, छातीजवळ. हळदीकुंकू पुसलं नाही. का, ते विचारू नका.

मँचेस्टर स्टेशन

ट्राममधून उतरून आत गेलो तर फलकावर आठ सत्तावीसपुढे एकच शब्द होता. रद्द.

कारणही लिहिलं होतं. चालक उपलब्ध नाही.

मी हे दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. माझ्या नोकरीत चालक आला नाही असं शेकडो वेळा झालं. पण ते आम्ही कधी लिहून भिंतीवर लावलं नाही. इंजिन म्हणायचो, टायर म्हणायचो, घाटात दरड म्हणायचो. चालकाच्या अब्रूचा प्रश्न असे. इथं ती गोष्ट दिव्यांच्या अक्षरांत, सगळ्या गावापुढे, सरकत होती.

"आजारी पडला का?" मी ताराला विचारलं.

तिनं जवळच्या गणवेशातल्या बाईंना विचारलं. बाई अगदी प्रेमानं बोलल्या. तारानं मला सांगितलं, "रविवार त्यांच्या वर्किंग वीकमध्ये नसतो, आजोबा. ज्याला यायचं तो ओव्हरटाइम म्हणून येतो. आज कोणी नाही आला."

"पण टाइमटेबलमध्ये गाडी आहे."

"हो."

"चालक येणार की नाही हे माहीत नसताना?"

"हो. संडे आहे ना."

मी मागे वळून गर्दीकडे पाहिलं. मला वाटलं, आता केबिनवर मोर्चा जाईल. आमच्याकडे एकदा सकाळची गाडी रद्द झाली तेव्हा एका बाईनं कोंबड्यांची पाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि दुसरी गाडी लागेपर्यंत उचलली नाही. कोंबड्यांनी ड्यूटीचा तक्ता खराब केला, पण गाडी लागली. इथं शे-दीडशे माणसं फलकाकडे बघत होती. एक गृहस्थ हळूच एवढंच म्हणाले, "नेहमीचंच." मग सगळे कॉफी घ्यायला गेले.

मी केबिन शोधली. केबिन नव्हती. इतकं मोठं स्टेशन आणि ज्याच्या टेबलावर कोंबड्या ठेवाव्यात असा एकही माणूस नाही. वरून एक ध्वनिमुद्रित आवाज दर चार मिनिटांनी मनापासून दिलगिरी व्यक्त करत होता. यंत्राला मन कुठून, हा प्रश्न त्या देशात कुणाला पडलेला दिसला नाही.

तारानं तोपर्यंत दुसरा मार्ग जुळवला. नऊ पाचनं बर्मिंगहॅम, तिथून रेडिंग, तिथून बेसिंगस्टोक. त्यापुढे रुळांची दुरुस्ती. आठ सत्तावीसची तिला वळसा घालून जाणार होती; आम्हाला गाडीऐवजी बस. "पाच मिनिटं खायला घेते," म्हणाली आणि थंड सँडविचं अन् दह्याचे दोन डबे घेऊन आली.

बर्मिंगहॅम आणि पुढे

नऊ पाचची गाडी आली. चालकासह आली हे बघून मी त्याला मनातल्या मनात सलाम केला. आत निम्म्या जागांवर राखीव असल्याच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या जागा रिकाम्या होत्या. शेजारी माणसं उभी. चिठ्ठीवरचा माणूस त्याची आधीची गाडी रद्द झाल्यामुळे कुठंतरी कॉफी पीत असणार, हे सगळ्यांना कळत होतं, तरी कुणी बसत नव्हतं. मी बसलो. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. दोन स्टेशनांनंतर एक एक करून सगळे बसले.

खिडकीबाहेर इंग्लंड अतिशय सुंदर होतं. मे महिना, मोहरीसारखी पिवळी शेतं, हिरव्या कुंपणांचे चौकोन, मेंढ्या, मधूनच एखादा कालवा आणि त्यावर रंगवलेली लांबट नाव, नावेच्या टपावर कुंड्या. मी दर दहा मिनिटांनी छातीवर हात ठेवून पासपोर्ट तपासत होतो. तुम्ही जाल तेव्हा निवांत बघा.

बर्मिंगहॅमचं स्टेशन जमिनीच्या पोटात आहे. उतरलो आणि आमच्या गाडीचा फलाट बदलला. वर जाऊन, पूल ओलांडून, परत खाली. मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि शेवटचा कधी धावलो ते मला आठवत नाही. गाडीत शिरून बसलो तेव्हा घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

समोरच्या आजीबाईंनी विणकाम खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या उठून माझ्या अंगावर वाकल्या आणि विचारलं, बाळा, तुला बरं वाटतंय ना? त्या देशात अडुसष्टाव्या वर्षीही बाळ होता येतं. मी खाली पाहिलं. पांढऱ्या शर्टावर, बरोबर काळजावर, वाटीएवढा लाल डाग पसरला होता.

"ब्लड नाहीये," तारा घाईनं इंग्रजीत म्हणाली. "देवाचं आहे."

याचा अर्थ लागायला आजीबाईंना वेळ लागला. मी पासपोर्ट काढून दाखवले. कुंकू घामात विरघळलं होतं. मग रेडिंगपर्यंत त्यांना सगळी हकिगत सांगावी लागली. माझं इंग्रजी डेपोतलं, पण त्यांना दही, बो, वहिनी सगळं समजलं. त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या वहिनींना कळलं का अजून?"

मी दादाला फोन केला. कळलं होतं. वहिनींनी फोन घेतला. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. त्या म्हणाल्या, "भावजी, काही खाल्लंत का सकाळपासून?" मी फोन ताराकडे दिला. आजीबाईंनी दुसरी गोळी दिली.

बेसिंगस्टोक, एक वाजून दहा मिनिटं

स्टेशनबाहेर दोन बस उभ्या होत्या आणि एक रांग. रांग शिस्तीत कोपऱ्यावरून वळून पार्किंगच्या इमारतीपर्यंत गेली होती. नारिंगी जॅकेट घातलेला एक जाडजूड माणूस हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन उभा होता. तारानं फोनवर पाहिलं आणि ती खाली कठड्यावर बसली.

"बस दीडला सुटते, आणि प्रत्येक स्टेशनला थांबते. दोन चाळीसला पोहोचेल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबा, झालं. आजी नाही जाणार."

मी त्या माणसाकडे पाहत होतो. तो रांगेवरून नजर फिरवत होता आणि त्याचे ओठ हलत होते. माणसं मोजत होता. कानामागे पेन. पाच तासांत मला पहिल्यांदाच केबिन सापडली होती. तिला फक्त भिंती नव्हत्या.

मी रांग सोडून सरळ त्याच्याकडे गेलो. मागून कुणीतरी घसा खाकरला. रांग मोडणाऱ्याला तिथं एवढीच शिक्षा असते, पण ती लागते.

"सर, रांगेत उभे राहा," तो म्हणाला.

"साउथहॅम्प्टनचे किती?" मी विचारलं.

त्यानं पाटी खाली घेतली. "काय?"

"या रांगेतले साउथहॅम्प्टनला जाणारे किती? निम्मे?"

"निम्म्याहून जास्त," तो सावकाश म्हणाला. "का?"

"मी एकतीस वर्षं बस डेपोत होतो. भारतात."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग डागाकडे. "माझी अठ्ठावीस," तो म्हणाला. "हे रक्त आहे का?"

"नाही. दोन्ही बस सगळीकडे थांबणार?"

"कागदावर तसं आहे."

"पहिली थेट साउथहॅम्प्टनला सोडा. दुसरी मधल्या गावांना. दोन्ही भरतील, दोन्ही लवकर पोहोचतील."

"मला माहीत आहे," तो जरा चिडून म्हणाला. "मी सकाळी आठपासून हेच म्हणतोय. पण कागद ऑफिसातून येतो."

"कोण करतं तो?"

"असा माणूस जो इथं कधी आलेला नाही."

"आमच्याकडेही तोच होता," मी म्हणालो.

तो हसला नाही. कानामागचं पेन काढून त्यानं पाटीवरच्या कागदावर एक लांब रेघ मारली. रेघ कशी मारावी हे अठ्ठावीस वर्षांनीच कळतं. मग तोंडाशी हात धरून तो ओरडला की साउथहॅम्प्टन डावीकडे, बाकीचे उजवीकडे.

रांगेला धक्का बसला. इंग्रज माणूस महायुद्ध सहन करतो, पण आपला नंबर बदललेला नाही. टोपीवाले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले की ते नववे होते. नारिंगी जॅकेटनं त्यांना विचारलं, कुठं जायचंय? साउथहॅम्प्टन. मग आता तुम्ही चौथे आहात, तो म्हणाला. गृहस्थांनी विचार केला आणि टोपी सारखी करून ते डावीकडे गेले.

एक पंचवीसला बस सुटली. खिडकीतून मी हात वर केला. त्यानंही केला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

साउथहॅम्प्टन

दोन वाजून बारा मिनिटांनी स्टेशन, तिथं सुदैवानं टॅक्सी, आणि दोन एकवीसला बंदर. जहाज म्हणजे एखादी अख्खी हाउसिंग सोसायटी पाण्यात उभी केलेली, बाल्कन्यांसकट. खाली लाल गालिचा, गालिच्याच्या टोकाला बँड. बँडवाले चार जण होते आणि त्यातला एक जांभई देत होता.

दादा दाराजवळ उभा होता. बो गळ्यात नव्हता. वहिनी बॅगेवर बसल्या होत्या, गुडघा सरळ लांब केलेला. मला पाहून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर शर्टावर गेली.

"कुंकू," मी म्हणालो आणि पासपोर्ट पुढे केले.

दादानं हात पुढे केला. वहिनींनी त्याचा हात धरून मागे घेतला.

"अहो, असे नको."

"काय नको? नऊ मिनिटं राहिलीत."

"काल दही झालं आणि कागद राहिले. आज नुसते कागद घ्यायचे का? दही लागतं."

"कोकिळा, हे बंदर आहे."

मी ताराकडे पाहिलं. तिनं पिशवीत हात घालून डबा काढला. "पण हे स्ट्रॉबेरीचा आहे," ती म्हणाली.

गणवेशातला एक अधिकारी घड्याळ बघत जवळ येऊन उभा राहिला. त्याच्या देखत, लाल गालिच्याच्या कडेला, आयुष्यभर देव न मानलेल्या मी माझ्या भावाच्या हातावर प्लॅस्टिकच्या चमच्यानं गुलाबी दही घातलं. मग वहिनींच्या. दोघांनी ते खाल्लं. मी पासपोर्ट दिले. अधिकाऱ्यानं ते उघडले, आतून अक्षतेचा एक दाणा त्याच्या टेबलावर पडला. त्यानं तो बोटानं उचलला, काय करावं ते न कळून वहिनींच्या हातात दिला आणि दार उघडलं.

दादा आत जाताना थांबला. मला वाटलं आता डेपोचा विनोद येणार.

"कितीची सुटली होती?" त्यानं विचारलं.

"बेसिंगस्टोकहून एक पंचवीस."

"वेळेवर?"

"वेळेआधी."

त्यानं मान हलवली आणि आत गेला. तो विनोद त्यानं पुन्हा केलेला नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीसमोर रद्द लिहिलं होतं, कारण तेच. मी ते एकदाच वाचलं, ताराला म्हटलं "नेहमीचंच", आणि कॉफी घ्यायला गेलो. रात्र त्या डॉक्टर मित्राकडे काढून सोमवारी, म्हणजे चालकांच्या कामाच्या दिवशी, घरी आलो.

दोन आठवड्यांनी दोघं नॉर्वेहून परतले. माझी निघायची वेळ झाली तेव्हा आदल्या रात्री वहिनींनी माझा पासपोर्ट बॉयलरच्या कपाटात ठेवला. सकाळी मी सवयीनं हात पुढे केला. त्यांच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात पासपोर्ट.

"आधी हे," त्या म्हणाल्या. मी पासपोर्ट आतल्या खिशात ठेवून चेन लावेपर्यंत त्या बघत राहिल्या. वरून एकदा चाचपूनही पाहिलं. सासूबाईंकडून आलेला क्रम पन्नास वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बदलला होता.

मग माझ्या हातावर त्यांनी दही घातलं. ते गुलाबी होतं.